कपाटातील ग्रंथ आणि घरातील वाचक
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे आभारी आहोत. विषयाची निवड मंडळाने आमच्याकडेच सोपविली होती. उद्याच्या सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर जो एक ठराव आहे, त्याचाच विचार आज आपणांपुढे मांडावा, असे आम्ही ठरविले. ज्ञातिगृहाच्या पहिल्या मजल्यावरील ग्रंथालयाची खोली रिकामी करावी, तेथील चार कपाटांतील पुस्तके कोणा संस्थेस देऊन टाकावीत आणि ती खोली लहान समारंभांसाठी भाड्याने द्यावी, असा तो ठराव आहे. ठराव मांडणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. खोलीचे भाडे आले तर शिष्यवृत्ती निधीत भर पडेल, हे खरे. देवघेवीची वही पाहिली तर गेल्या वर्षभरात अवघी ११ पुस्तके बाहेर गेली, हेही खरे. जे कोणी वाचीत नाही ते ठेवावे कशाला, हा प्रश्न सरळ आहे आणि त्यास उत्तरही सरळच दिले पाहिजे.

आमचे उत्तर असे आहे की, या कपाटांतील पुस्तके वाचकांनी निवडलेली नाहीत, म्हणून ती वाचली गेली नाहीत. वाचक आपल्या घरोघरी आहेत. परंतु कोणते पुस्तक आणावे हे त्यांना कोणी विचारले नाही, आणि वाचलेले पुस्तक कसे वाटले हेही कोणी विचारले नाही.

ही पुस्तके आली कशी, ते पाहा. अंदाजपत्रकात ग्रंथखरेदीसाठी काही रक्कम असते. मार्च महिना जवळ आला की ती खर्ची पडावयास हवी, म्हणून विक्रेत्याकडून यादी मागवितात. ज्या यादीवर सूट अधिक, ती यादी मंजूर होते. काही पुस्तके देणगीदाखल येतात. कोणाच्या घराची आवराआवर झाली म्हणजे जुन्या क्रमिक पुस्तकांचे गठ्ठे येतात. दाखल-रजिस्टरात क्रमांक पडतो, शिक्का बसतो आणि कपाटास कुलूप लागते. या सर्व व्यवहारात हिशेब चोख असतो, उणीव फक्त वाचकाची असते. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, असा त्यांतील दोन नियमांचा आशय आहे. आपल्या कपाटांतील पुस्तके त्यांच्या वाचकाची वाट पाहत उभी आहेत, आणि तो वाचक खाली दिवाणखान्यात चहा पीत बसलेला आहे. या दोघांची गाठ कोण घालून देणार, हाच खरा प्रश्न होय.

मिळून वाचण्याची चाल आपल्याकडे नवी नाही. चातुर्मासात घरोघर पोथी लागत असे. श्रीधरस्वामींचा हरिविजय, पांडवप्रताप, शिवलीलामृत यांचे अध्याय एकाने वाचावयाचे आणि आळीतल्या स्त्रीपुरुषांनी ऐकावयाचे, हा परिपाठ पिढ्यान्‌पिढ्या चालला. ज्यांस अक्षरओळख नव्हती त्यांच्याही कानी उत्तम मराठी पडली, ती याच वाटेने. तथापि त्या वाचनात दोन गोष्टी नव्हत्या. पोथी कोणती लावावयाची हे श्रोत्यांनी ठरवावयाचे नसे, आणि ऐकून झाल्यावर आपले मत द्यावयाचे नसे. श्रवण हे पुण्यकर्म होते. त्यात मताला वाव नव्हता.

एकोणिसाव्या शतकात हे पालटले. रत्नागिरीस १८२८, अहमदनगरास १८३८ आणि नाशिकास १८४० या साली वाचनालये निघाली. १८४८ साली पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररी स्थापन झाली. तिच्या उभारणीत लोकहितवादींचा वाटा मोठा होता. तीच आजची पुणे नगर वाचन मंदिर ही संस्था. त्याच १८४८ साली मुंबईत ज्ञानप्रसारक सभा निघाली. तेथे एकाने निबंध वाचावा आणि इतरांनी त्यावर विचार करावा, अशी रीत होती. पुढे १८९३ साली ठाण्यास आणि १८९८ साली मुंबईस मराठी ग्रंथसंग्रहालये निघाली. मराठीत छापलेला ग्रंथ जपून ठेवण्याजोगा आहे, असे म्हणणारी माणसे तेव्हा थोडी होती. त्या थोड्यांनी वर्गणी काढून हे काम केले. सरकारने हुकूम काढला म्हणून या संस्था उभ्या राहिल्या नाहीत. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा महाराष्ट्रात १९६७ साली झाला. त्याने ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग दिले आणि अनुदानाची व्यवस्था लावून दिली. ही मोठी सोय झाली, यात शंका नाही. परंतु कायदा कपाट देऊ शकतो, अनुदान देऊ शकतो. 'हे पुस्तक अवश्य वाचा' असे शेजाऱ्याला सांगणारा शेजारी कायद्याने निर्माण होत नसतो.

वाचकांनी एकत्र येऊन काय घडू शकते, याचे आपल्या काळातील उदाहरण म्हणजे 'ग्रंथाली'. १९७४ साली मुंबईत सुरू झालेल्या या संस्थेने स्वतःस वाचक चळवळ म्हणविले. वाचकांनी आगाऊ पैसे भरून सभासद व्हावे, त्यांना पुस्तके सवलतीत मिळावीत आणि पुस्तके गावोगावच्या वाचकांपर्यंत न्यावीत, असा तिचा प्रयत्न होता. १९७८ साली दया पवार यांचे 'बलुतं' तिनेच प्रसिद्ध केले. १९८० साली लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आले. त्यास पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गावाच्या वेशीबाहेरचे आणि पालावरचे जिणे या पुस्तकांनी पांढरपेशा वाचकाच्या घरात आणून ठेवले. कोणास ती रुचली, कोणास बोचली. परंतु त्यांवर माणसे बोलली, भांडली, आणि बोलता बोलता त्यांची दृष्टी थोडी रुंदावली. वाचकांच्या संघटित बळाचे याहून चांगले प्रमाण कोणते द्यावे?

आता आमच्या अनुभवाचे थोडे सांगतो. आमच्या गावी आम्ही नऊ घरांनी मिळून गेली काही वर्षे एक लहानसे वाचक मंडळ चालविले आहे. महिन्यास एक पुस्तक घ्यावयाचे आणि महिनाअखेर एकाच्या घरी जमून त्यावर बोलावयाचे, एवढाच त्याचा खटाटोप. एकदा व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' निवडली. १९५५ सालची ही लहानशी कादंबरी. धनगरांच्या वाडीवर गेलेला तरुण मास्तर, वृद्ध कारभारी, सर्वांनी खपून बांधलेली तालीम आणि शेवटी दुष्काळाने ओस पडणारी वाडी, एवढाच तिचा ऐवज. आम्ही सर्वांनी तेच पुस्तक वाचले होते, परंतु बैठकीत नऊ पुस्तके निघाली म्हणावयास हरकत नाही. महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, यात शासन कोठे आहे? दुष्काळात वाडी उठली तेव्हा तगाई, दुष्काळी काम यांची व्यवस्था कशी होती, ते समजले पाहिजे. माणदेशात माहेर असलेल्या एक भगिनी म्हणाल्या, तुम्ही व्यवस्था शोधता. आम्ही मेंढरे शोधली. माणसे गेली ती मेंढरांमागे गेली, हे वाचताना आम्हांस आजोळ आठवले. महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा म्हणाला, मास्तर तालीम बांधतो, शाळा का वाढवीत नाही? त्यावर अर्धा तास वाद झाला. आम्ही स्वतः जन्मभर शाळेत काढलेली. परंतु तालीम ही वाडीला वाडीपण देणारी वस्तू आहे, हे त्या वादात एका शेतकरी गृहस्थांनी जसे सांगितले, तसे कोणत्याही मार्गदर्शिकेत आमच्या वाचनात आले नव्हते.

दुसऱ्या एका महिन्यात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घेतली. शाळेचे शिक्षण जवळजवळ न मिळालेल्या या बाईने लिहिलेले हे आत्मचरित्र १९३४ सालापासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. पती १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हाचा ताटातुटीचा काळ आणि पुढे सोवळेओवळे हळूहळू कसे गळून पडले, याची हकीकत त्यात आहे. हे पुस्तक आपल्या मंडळात नको, असे प्रथम दोघांचे मत होते. धर्मांतराचा विषय आहे, घरातील वडील माणसांस आवडणार नाही, असे त्यांचे म्हणणे. पुस्तक सुचविणाऱ्या वृद्ध आजींनी एवढेच विचारले, "तुम्ही ते वाचले आहे का?" दोघांनीही वाचलेले नव्हते. मग ठरले की वाचल्यावर विरोध करावयाचा. महिनाअखेर त्या दोघांपैकी एक गृहस्थ आपल्या आधीच्या मतावर कायम राहिले आणि त्यांनी आपली कारणे नीट मांडली. दुसऱ्यांनी ते पुस्तक विकत घेऊन सुनेला दिले. आमच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी चांगल्याच झाल्या. न वाचता दिलेले मत आणि वाचून दिलेले मत यांतील अंतर त्या दिवशी घरातील मुलांनी प्रत्यक्ष पाहिले.

येथे एका नाजूक प्रश्नास हात घातला पाहिजे. आपला हा संघ ज्ञातीचा आहे. तेव्हा त्याच्या ग्रंथालयात ज्ञातीचा इतिहास, ज्ञातीतील कर्तबगार पुरुषांची चरित्रे आणि ज्ञातीतील लेखकांचीच पुस्तके असावीत, असे म्हणणारे सभासद आहेत. ती पुस्तके असावीतच. आपल्या पूर्वजांनी किती हाल सोसून मुलांस शिकविले, हे मुलांस कळलेच पाहिजे. परंतु तेवढीच असावीत, हे आम्हांस मान्य नाही. आरशात पाहणे आवश्यक आहे, तथापि दिवसभर आरशासमोर बसून संसार होत नाही. खिडकीही उघडावी लागते.

याबाबत एक प्रसंग आपण सर्वांनी ध्यानी ठेवण्याजोगा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तो स्वतः लिहून ठेविला आहे. बालपणी एका परीक्षेत ते उत्तीर्ण झाले, तेव्हा त्यांच्या समाजातील मंडळींनी अभिनंदनाची सभा भरविली. आपण दरसाल गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो, तशीच ती सभा. तेथे कृष्णराव अर्जुन केळुसकर हे विद्वान शिक्षक उपस्थित होते. ते त्या समाजाचे नव्हते. त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धाचे चरित्र त्या मुलाच्या हाती दिले. मुलाने ते वाचले आणि त्याच्या मनावर त्याचा खोल ठसा उमटला. पुढे १९५६ साली त्याच मुलाने लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि १९५७ साली त्याचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एका ज्ञातीच्या सत्कारसमारंभात, दुसऱ्या ज्ञातीच्या मनुष्याने, वाचून व पारखून दिलेले एक पुस्तक काय करू शकते, ते यावरून दिसते. केळुसकरांनी सूट पाहून ते पुस्तक आणले नव्हते. त्यांना मुलगा ठाऊक होता आणि पुस्तकही ठाऊक होते. आज आपण सत्कारास शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह देतो. स्मृतिचिन्हावर धूळ बसते. त्याऐवजी कोणी वाचलेले, कोणी शिफारस केलेले एक पुस्तक त्या मुलाच्या हाती का देऊ नये?

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ सालापासून निरनिराळ्या ज्ञातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उघडण्यास चालना दिली. ज्ञातीच्या नावाने निघालेली ती वसतिगृहे ज्ञातीत कोंडून राहण्यासाठी नव्हती. खेड्यातील मुलगा शिकून मोठ्या जगात जावा यासाठी होती. ज्ञातिसंस्थेचे सार्थक, आमच्या मते, याच एका कसोटीवर ठरते: तिच्या दारातून बाहेर पडणारा मुलगा आत आला त्यापेक्षा अधिक मोठ्या समाजाचा झाला की नाही? ग्रंथालयाची खोली ही तशी एक दारच आहे. ते बंद करण्यापूर्वी एक वर्ष ते खरोखर उघडून पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.

काही आक्षेप आमच्या कानी आले आहेत. कोणी म्हणतात, आता सर्वांच्या हाती मोबाइल आला, पुस्तक कोण वाचतो? आमचा अनुभव असा की, एकट्याने पुस्तक हाती धरून बसणे मुलांस जड जाते. परंतु महिनाअखेर आपणांस चारजणांत बोलावयाचे आहे, हे ठाऊक असले म्हणजे तीच मुले रात्री जागून पुस्तक संपवितात. कोणी म्हणतात, मुले इंग्रजी शाळांत जातात, त्यांस मराठी वाचता येत नाही. येत नसेल तर आजोबांनी मोठ्याने वाचावे आणि नातवाने ऐकावे. पोथीची चाल आपली जुनीच आहे. कोणी म्हणतात, मतभेद होतील, मने दुखावतील. मतभेद होतील, हे आम्ही मान्य करतो. परंतु आपल्या सभांतून पदांवरून, हिशेबावरून आणि मानपानावरून जे मतभेद होतात, त्यांपेक्षा एखाद्या पुस्तकातील पात्रावरून झालेला मतभेद केव्हाही श्रेयस्कर. तेथे वाद करून मनुष्य घरी जातो, आणि दुसऱ्या महिन्यात पुन्हा येतो. दुसऱ्याचे मत शांतपणे ऐकून घेण्याची ती एक शाळाच आहे, आणि आज तिची गरज आपणां सर्वांस आहे.

नुसता उपदेश करून उपयोग नाही, म्हणून एक योजना मांडतो. आरंभी १२ कुटुंबांनी नावे द्यावीत. दरमहा एक पुस्तक निवडावे आणि त्याच्या ३ प्रती घ्याव्यात. एक प्रत ४ घरांत फिरेल. प्रत्येक घरी एक आठवडा राहिली तरी चार आठवड्यांत बाराही घरांचे वाचन पुरे होते. पुस्तक ३०० रुपयांचे धरले तर तीन प्रतींचे ९०० रुपये होतात; म्हणजे प्रत्येक कुटुंबास महिन्यास ७५ रुपये. लग्नाच्या एका आहेरात वर्षभराचे वाचन निघते.

निवडीची रीतही सोपी असावी. ज्याने पुस्तक पूर्ण वाचले आहे त्यानेच ते सुचवावे. सुचविणाऱ्याने दहा मिनिटे बोलावे आणि त्यातील एक पान मोठ्याने वाचून दाखवावे. मग हात वर करून मत घ्यावे. ज्याचे पुस्तक निवडले गेले त्याने पुढील तीन महिने दुसऱ्यास संधी द्यावी. वर्षाच्या १२ पुस्तकांपैकी निदान ४ स्त्रियांनी आणि ३ पंचवीस वर्षांखालील मुलामुलींनी सुचविलेली असावीत. तसेच निदान ४ पुस्तके अशी असावीत की ज्यांतील जीवन आपल्या घरांतील जीवनाहून वेगळे आहे. विक्रेत्याची यादी सर्वांत शेवटी पाहावी.

प्रत्येक प्रतीबरोबर एक मतवही फिरवावी. वाचणाऱ्याने तीत पाचच ओळी लिहाव्यात: काय आवडले, कोठे अडले, आणि हे पुस्तक आपण कोणास द्याल. 'आवडले नाही' असे लिहिणाऱ्यास कोणी टोकू नये. मात्र कारण लिहावे. जे सभासद नोकरीनिमित्त परगावी किंवा परदेशी आहेत, त्यांनी आपल्या ओळी पत्राने अथवा फोनवरून कळवाव्यात. येथील कोणी त्या उतरवून घ्याव्यात. दोन-तीन वर्षांनी ही मतवहीच आपल्या ग्रंथालयातील सर्वांत मोलाची वस्तू होईल. नव्या वाचकाने कपाट उघडले की त्याला नुसते क्रमांक दिसणार नाहीत. हे पुस्तक कोणाच्या मामीला आवडले होते आणि कोणाच्या काकांना मुळीच पटले नव्हते, ते दिसेल, आणि त्याचे कुतूहल जागे होईल.

महिना संपल्यावर तीनपैकी एक प्रत आपल्या कपाटात राहावी, एक पुढील सत्कारासाठी ठेवावी आणि एक जवळच्या शाळेस किंवा शेजारच्या वस्तीतील वाचनालयास द्यावी; मग ती वस्ती कोणत्याही समाजाची असो. आपण वाचून पारखलेले पुस्तक दुसऱ्यास देण्यात जो सन्मान आहे, तो नको असलेल्या पुस्तकांचा गठ्ठा देण्यात नाही. आता जुन्या चार कपाटांविषयी. त्यांतील क्रमिक पुस्तके व फाटके गठ्ठे काढून टाकण्यास आमची हरकत नाही. उरलेल्यांतून प्रत्येक कुटुंबाने एकेक पुस्तक घरी न्यावे, वाचावे आणि ते ठेवावे की नाही, ते पाच ओळींत लिहावे. जे ग्रंथ ठेवण्याजोगे ठरतील ते कदाचित दोन कपाटांत मावतील. मग उरलेल्या जागेत बारा खुर्च्या मांडाव्यात.

खोलीच्या भाड्याचा प्रश्नही आम्ही टाळीत नाही. महिन्यातून एक सायंकाळ त्या खोलीत वाचकांची बैठक व्हावी. उरलेल्या दिवशी खोली समारंभांस देण्यास आमचा विरोध नाही. कपाटे भिंतीला लागून उभी राहतील. ती कोणाच्या पंगतीत जागा मागणार नाहीत. शिष्यवृत्तीचा पैसाही येईल आणि शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलास वाचावयास पुस्तकही मिळेल.

तेव्हा उद्याच्या सभेत या ठरावास अशी उपसूचना आम्ही मांडणार आहोत की, ग्रंथालय एक वर्ष राखावे, ग्रंथखरेदीची रक्कम वाचक मंडळाच्या निवडीवर सोपवावी आणि पुढील संमेलनात देवघेवीची वही व मतवह्या सभेपुढे ठेवाव्यात. त्या वेळी बाहेर गेलेल्या पुस्तकांचा आकडा ११ च राहिला, तर खोली रिकामी करण्याच्या बाजूने पहिला हात आमचा वर होईल. परंतु तसे होईल, असे आम्हांस वाटत नाही. ज्या भगिनी व बंधू पहिल्या १२ कुटुंबांत नाव देऊ इच्छितात, त्यांनी आज भोजनानंतर कार्यालयातील वहीत ते नोंदवावे, आणि नावापुढे आपण स्वतः वाचलेल्या व इतरांनी वाचावे असे वाटणाऱ्या एका पुस्तकाचे नाव लिहावे. पहिल्या महिन्याची निवड त्यांतूनच करू.